पाटीने इमारत वाचत नाही, भाड्याने वाचते

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या जुन्या बाजारपेठा कशा वाचवतात, हा विषय वरवर पाहता सोपा वाटतो. जुन्या सुंदर इमारती आहेत, त्या पाडू नयेत, एवढंच. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळी कामं गुंतलेली असतात. इमारतीचं महत्त्व अधिकृतपणे मान्य करून घेणं हे एक, ती पाडायला कायद्याने अटकाव करणं हे दुसरं, आणि तिच्यातून उत्पन्न येत राहील अशी व्यवस्था करणं हे तिसरं. ही कामं वेगवेगळ्या कचेऱ्यांत होतात, त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. माझ्या मते तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच मागे पडतं.

आधी या बाजारपेठा कशा उभ्या राहिल्या ते पाहू. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींना खेटून असलेल्या दोन-तीन मजली विटांच्या इमारती, खाली दुकान, वर वकिलाची कचेरी किंवा बिऱ्हाड, एखाद्या माडीवर नाटकाचं किंवा सभेचं दालन. यातल्या बऱ्याच इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या किंवा विसाव्याच्या सुरुवातीच्या. शेकडो मैल अंतरावरच्या दोन गावांचे रस्ते इतके सारखे का दिसतात, याचं एक कारण रेल्वे. सेंट लुईसची मेस्कर ब्रदर्स आणि इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलची जॉर्ज एल. मेस्कर कंपनी दुकानांचे दर्शनी भाग चक्क कॅटलॉगमधून विकत. दुकानदाराने मापं कळवायची, मग ओतीव लोखंडाचे खांब आणि ठसे उठवलेल्या पत्र्याची नक्षीदार कपोती (दर्शनी भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) मालगाडीने गावात यायची. ज्या गावात एकही वास्तुविशारद नव्हता, तिथेही असा देखणा रस्ता तयार झाला.

त्या रचनेत सौंदर्याइतकीच व्यवहाराची समज होती. लोखंडी खांब बारीक असूनही वरच्या भिंतीचा भार पेलतात, त्यामुळे खाली रुंद काचा बसवता आल्या. दर्शनी काचेच्या वर आणखी एक काचपट्टी असायची. तिच्यातून उजेड दुकानाच्या अगदी मागच्या टोकापर्यंत पोचायचा, कारण ही दुकानं अरुंद आणि खोल असत. पुढे वातानुकूलनासाठी खोटं छत खाली ओढलं गेलं, काचपट्टी झाकली गेली आणि दुकानं अंधारी झाली. आज दुरुस्ती करताना ते छत काढून काचपट्टी मोकळी केली, की फारसा खर्च न होताही दुकानाचं रूप पालटतं.

उतरती कळा लागली ती मोटारीमुळे. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या इडायना इथे साउथडेल हा देशातला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. गिऱ्हाईक गावाबाहेर जाऊ लागलं. घाबरलेल्या दुकानदारांनी जुन्या विटांवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे नवे मुखवटे चढवले, म्हणजे आपलं दुकानही मॉलसारखं दिसेल. नगरपालिकांनी १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातून 'शहर नूतनीकरण' हाती घेतलं आणि अनेक ठिकाणी अख्खे चौक पाडून पार्किंग केलं. मिशिगनमधल्या कॅलमझूने १९५९ मध्ये मुख्य रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी मॉल केला. साउथडेलचाच वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन त्या योजनेमागे होता. पुढे कित्येक गावांनी तसंच केलं, आणि बऱ्याच गावांनी काही दशकांनी ते रस्ते वाहनांसाठी पुन्हा उघडले. कॅलमझूनेही १९९८ मध्ये काही भाग उघडला.

मान्यता आणि संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत

न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला सुरुवात झाली, आणि देशभर हळहळ व्यक्त झाली. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा झाला. त्याने ऐतिहासिक स्थळांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार केलं. त्यात एखादी इमारत एकटी नोंदवता येते किंवा अख्खी बाजारपेठ 'ऐतिहासिक परिसर' म्हणून नोंदवता येते. परिसर नोंदवताना प्रत्येक इमारतीची तपासणी होते आणि ती त्या परिसराच्या इतिहासात भर घालते की नाही, हे ठरतं. सर्वसाधारण नियम असा, की इमारत निदान ५० वर्षांची हवी आणि मूळ रूप ओळखू येण्याइतपत शिल्लक हवं.

इथेच मोठा गैरसमज आहे. रजिस्टरमध्ये नाव आलं, आता मालकाला काही करता येणार नाही, अशी काहींना भीती वाटते. इतरांना त्याच गोष्टीचा दिलासा वाटतो. दोघंही चुकतात. मालक स्वतःच्या पैशाने काम करत असेल आणि केंद्र सरकारचा निधी किंवा परवानगी त्यात कुठेच नसेल, तर रजिस्टरमधली इमारत तो रंगवू शकतो, बदलू शकतो आणि पाडूही शकतो. केंद्राचा संबंध आला, उदाहरणार्थ महामार्गाचं रुंदीकरण, तर त्या कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे संबंधित खात्याला ऐतिहासिक स्थळांवर होणाऱ्या परिणामाचा विचार करावा लागतो, राज्याच्या जतन अधिकाऱ्याशी सल्लामसलत करावी लागते. पण विचार करून झाल्यावर काम थांबवलंच पाहिजे, असं ते कलम म्हणत नाही. रजिस्टरची पितळी पाटी हा सन्मान आहे. बुलडोझर त्या पाटीमुळे थांबत नाही.

थांबवण्याचा अधिकार असतो तो गावाच्या स्वतःच्या नियमाला. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनने १९३१ मध्ये देशातला असा पहिला वटहुकूम केला. अशा नियमाखाली गाव एक मंडळ नेमतं, आणि ठरवलेल्या हद्दीत कुणाला बाहेरचं रूप बदलायचं असेल, मजला चढवायचा असेल किंवा इमारत पाडायची असेल, तर आधी त्या मंडळाचा दाखला घ्यावा लागतो. हे मालमत्तेच्या हक्कावर आक्रमण आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ मध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर उंच मनोरा बांधायला न्यूयॉर्कने नकार दिल्याच्या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. मालकाला आहे त्या इमारतीतून वाजवी उत्पन्न मिळू शकतं, तेव्हा हे निर्बंध म्हणजे मालमत्ता हिरावून घेणं नव्हे, असा त्याचा आशय. उत्पन्नाचा मुद्दा अगदी न्यायालयातही कळीचा ठरला, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

गावाचा नियम सहसा रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य भागापुरता असतो. आत भिंत कुठे घालायची, स्वयंपाकघर कुठे करायचं, यात मंडळ बहुधा पडत नाही. आर्थिक अडचण सिद्ध करणाऱ्या मालकाला सूट देण्याची तरतूदही अनेक ठिकाणी असते. या सगळ्यात एक मोठी फट उरते. पाडायला परवानगी मिळत नाही म्हटल्यावर मालक काहीच करत नाही. पन्हळ फुटते, पाणी भिंतीत मुरतं, छत खचतं, आणि काही वर्षांनी अभियंता इमारत धोकादायक ठरवतो. मग पाडण्याची परवानगी आपोआप मिळते. म्हणून चांगल्या वटहुकुमात किमान देखभालीची सक्ती असते, छप्पर आणि पाण्याचा निचरा शाबूत ठेवण्याची. पण ती राबवायला नगरपालिकेकडे तपासनीस हवा, आणि दूरच्या शहरात राहणाऱ्या मालकाला नोटिसा पाठवत बसायचा चिवटपणा हवा. छोट्या गावात दोन्हींची चणचण असते.

पैशाचं गणित

इमारत रिकामी का राहते? दुरुस्तीला जितका खर्च येईल तितकं भाडं त्या गावात मिळत नाही म्हणून. बँक कर्ज देताना दुरुस्तीनंतरची किंमत बघते. दुरुस्तीला चार लाख डॉलर लागणार आणि झाल्यावर इमारतीची किंमत अडीच लाख भरणार असेल, तर बँक हात वर करते. मधली दरी कोण भरणार, हाच जतनाचा खरा प्रश्न आहे.

केंद्र सरकारची २० टक्के करसवलत ही दरी थोडी कमी करते. करपात्र उत्पन्नातून होणारी ही वजावट नाही, प्रत्यक्ष भरायच्या करातूनच ती रक्कम वळती होते. समजा पात्र दुरुस्तीवर तीन लाख डॉलर खर्च झाले, तर ६० हजार डॉलर कर कमी भरायचा. २०१७ च्या कर कायद्यानंतर ही सवलत एकदम न मिळता पाच वर्षांत विभागून मिळते, म्हणजे या उदाहरणात वर्षाला १२ हजार. १९३६ पूर्वीच्या, पण रजिस्टरमध्ये नसलेल्या इमारतींसाठी पूर्वी १० टक्क्यांची वेगळी सवलत होती. तीही त्याच कायद्याने रद्द झाली. छोट्या गावांचं यात नुकसान झालं असं मला ठामपणे वाटतं, कारण नोंदणीच्या खटाटोपाइतकं बळ नसलेल्या साध्यासुध्या इमारतींना तोच एक आधार होता.

२० टक्क्यांसाठीच्या अटी समजून घेण्यासारख्या आहेत. इमारत उत्पन्न देणारी हवी: दुकान, कचेरी, भाड्याची घरं. स्वतः राहण्याचं घर चालत नाही. ती रजिस्टरमध्ये असावी, किंवा नोंदलेल्या परिसरात भर घालणारी ठरलेली असावी. म्हणजे दंड्याचा धाक नसला, तरी रजिस्टरचा खरा उपयोग इथे होतो. ते पैशाचं दार उघडतं. काम राष्ट्रीय उद्यान सेवेने, म्हणजे हे रजिस्टर सांभाळणाऱ्या केंद्राच्या खात्याने, मान्य करावं लागतं. आणि खर्च पुरेसा मोठा हवा: २४ महिन्यांत ५ हजार डॉलर किंवा इमारतीची हिशेबातली शिल्लक किंमत, यातल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त. ही शिल्लक किंमत म्हणजे ढोबळमानाने खरेदीची रक्कम, त्यातून जमिनीची किंमत आणि आजवरचा घसारा वजा, मधल्या सुधारणांचा खर्च अधिक. त्यामुळे तीस वर्षं इमारत ज्याच्याकडे आहे त्याला ही अट सहज पुरी करता येते, कारण घसाऱ्याने हिशेबातली किंमत खाली आलेली असते. कालच विकत घेतलेल्याला ती जड जाते. काम झाल्यावर पाच वर्षांच्या आत इमारत विकली, तर सवलत पूर्ण किंवा अंशतः परत द्यावी लागते.

अनेक राज्यांच्या स्वतःच्या सवलतीही आहेत आणि त्या केंद्राच्या सवलतीला जोडून घेता येतात. पण छोट्या कामांची अडचण अशी, की सल्लागार, नकाशे, छायाचित्रं, अर्ज यांचा खर्च काम लहान असो वा मोठं, फारसा बदलत नाही. छोट्या सवलतीत मोठ्या गुंतवणूकदाराला रसही नसतो. त्यामुळे काही गावं तीन-चार इमारतींचा एकत्र प्रकल्प करतात.

माझ्या दृष्टीने सगळ्यात दुर्लक्षित संपत्ती वरच्या मजल्यावर आहे. खालचं दुकान चालू आणि वरचे दोन मजले कित्येक वर्षं कुलूपबंद, हे दृश्य या गावांत नेहमीचं. खालच्या एका भाड्यावर तीन मजल्यांचं छप्पर पोसायचं, हे कसं जमणार? वर घरं केली तर भाडं वाढतं, आणि रस्त्याला संध्याकाळीही माणसं मिळतात. अडतं ते सुरक्षेच्या नियमांत. बाहेर पडायला दुसरा जिना, आग विझवणारे पाण्याचे फवारे, लिफ्ट. नव्या बांधकामाचे नियम जुन्या इमारतीला जसेच्या तसे लावले, तर गणित बसत नाही. न्यू जर्सीने १९९८ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र नियमावली लागू केली, ज्यात कामाच्या प्रमाणात अटी वाढतात. २००३ पासून तर जुन्या इमारतींसाठी आंतरराष्ट्रीय नमुना नियमावलीही निघते. आणखी एक व्यवहारी उपाय म्हणजे शेजारच्या दोन मालकांनी सामाईक भिंतीत दार पाडून एकच जिना आणि एकच लिफ्ट वापरणं. त्यासाठी वकिलाकडून नीट करार करून घ्यावा लागतो, पण एका लिफ्टचा पूर्ण खर्च वाचतो.

चुना, सिमेंट आणि वाळूचा मारा

चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने जेवढ्या जुन्या भिंती बिघडल्या, तेवढ्या दुर्लक्षाने तरी बिघडल्या असतील का, अशी शंका येते. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. ती चुन्याच्या दर्जांत (विटांमधल्या सांध्यांत) बसवलेली असते आणि चुना विटेपेक्षाही मऊ असतो. भिंत उन्हाने प्रसरण पावते, थंडीने आकसते, पाणी शोषते आणि सोडते. ही सगळी हालचाल चुना सहन करतो, ओल त्याच्यातून बाहेर पडते, आणि झिजतो तोही चुनाच. काही दशकांनी दर्जा खरवडून पुन्हा भरायच्या, एवढीच त्याची किंमत.

आता तिथे कुणी पोर्टलँड सिमेंटचा कडक माल भरला तर काय होतं? दर्जा विटेपेक्षा टणक होतात. ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून वाट काढते. हिवाळ्यात विटेतलं पाणी गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी थर सोलून पडतो. दर्जा शाबूत, वीट गेलेली. दर्जा पुन्हा भरता येतात, शंभर वर्षांपूर्वीची वीट परत आणता येत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जुन्या मालाचा नमुना तपासून घ्यावा आणि नवा माल त्याच्याइतकाच किंवा त्याहून मऊ ठेवावा.

वाळूचा मारा करून भिंत 'स्वच्छ' करणं हा दुसरा घात. भट्टीत विटेच्या पृष्ठभागावर जो कडक थर तयार होतो, तोच तिचं पावसापासून रक्षण करतो. वाळू काजळीबरोबर तो थरही उडवते. करसवलतीसाठी जे सरकारी निकष आहेत त्यांत असं नुकसान करणाऱ्या उपायांना स्पष्ट मनाई आहे. एकदा वाळू मारली, की सवलतीचा अर्ज नामंजूर होऊ शकतो, आणि विटेचं झालेलं नुकसान भरून निघत नाही ते वेगळंच.

त्याच निकषांत बदलण्याआधी दुरुस्ती करा, आणि कधीच नसलेला इतिहास निर्माण करू नका, असंही सांगितलं आहे. दुसरा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. जुनं छायाचित्र हाती नसताना अंदाजाने नक्षी जोडली, की रस्ता नाटकाच्या पडद्यासारखा दिसू लागतो. पुरावा शोधायला साधनं आहेत. सॅनबोर्न कंपनीने आगविम्यासाठी सुमारे १२ हजार गावांचे नकाशे काढले. त्यांत विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी, शिवाय मजले, जिने, दारं आणि दुकान कशाचं तेही नोंदलेलं. कुठे चिनी धोब्याची लाँड्री होती, कृष्णवर्णीयांची वस्ती कुठे होती, हेही त्या नकाशांवर सापडतं. या जागा 'नूतनीकरणा'त बहुधा आधी गेल्या. परिसराची हद्द आखताना आणि त्याचा महत्त्वाचा कालखंड ठरवताना बँक आणि नाट्यगृहाइतकीच त्या जागांचीही नोंद व्हायला हवी. इमारत उरली नसेल तरी नकाशा उरला आहे.

रस्ता चालता ठेवणं

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये जून १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाने पूर आला. गावातल्या काच कारखान्याच्या मदतीने तिथली मार्केट स्ट्रीट पाडण्याऐवजी दुकानागणिक सावरली गेली, त्यासाठी १९७४ मध्ये खास संस्था काढली गेली. अशा अनुभवांच्या पाठबळावर राष्ट्रीय जतन न्यासाने १९७७ मध्ये इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि दक्षिण डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत प्रयोग केला. १९८० मध्ये त्यातून राष्ट्रीय मेन स्ट्रीट केंद्र उभं राहिलं. त्यांची पद्धत चार अंगांची आहे: संघटन, प्रसिद्धी, रचना आणि अर्थकारण. त्यातलं खरं नवं होतं ते म्हणजे पूर्णवेळ पगारी व्यवस्थापक. मॉलला व्यवस्थापक असतो, तो कोणतं दुकान कुठे हवं, कधी उघडायचं, हे ठरवतो. शंभर मालकांच्या रस्त्याला तसा कुणीच नसतो. हा माणूस रिकाम्या गाळ्यांची यादी ठेवतो, मालकाला करसवलतीचा अर्ज समजावतो, दोन शेजाऱ्यांना सामाईक जिन्यासाठी एकत्र बसवतो. उत्सव आणि दिव्यांच्या माळा लोकांना दिसतात, पण रस्ता टिकतो तो या रोजच्या कामाने.

रस्ता चालायला लागला, की भाडी चढतात आणि ज्यांनी वाईट काळात दुकान उघडं ठेवलं तेच दुकानदार बाहेर पडतात. यावर इलाज आधीच करावा लागतो, मदतीच्या बदल्यात काही वर्षांचा ठरावीक दराचा भाडेकरार घेऊन किंवा दुकानदाराला गाळा विकत घ्यायला साहाय्य करून. नंतर हातात काही राहत नाही.

पूर हा यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण ही गावं गिरणीसाठी, बंदरासाठी मुद्दाम नदीकाठी वसली. मेरीलँडमधल्या एलिकॉट सिटीच्या मुख्य रस्त्यावर जुलै २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०१८ मध्ये भीषण पूर आला. काउंटीने पाण्याला वाट देण्यासाठी उताराकडच्या अनेक जुन्या इमारती पाडण्याची योजना मांडली. विरोध झाल्यावर पुढच्या वर्षी ती बदलली गेली, पाण्यासाठी मोठा बोगदा करायचा आणि चार इमारती काढायच्या असं ठरलं. जतन करणाऱ्यांना चार इमारती काढणंही नको होतं, आणि ज्यांनी पुरात माणसं गमावली त्यांना ते पुरेसं वाटणं कठीण होतं. मला ही तडजोड समजण्यासारखी वाटते.

केंद्राच्या पूरविमा नियमांप्रमाणे पूररेषेतल्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर ती सहसा पूरपातळीच्या वर उचलावी लागते. ऐतिहासिक दर्जा कायम राहणार असेल, तर या अटीतून सूट मिळू शकते. शेजारच्या भिंतीला चिकटलेली विटांची इमारत उचलणं जवळजवळ अशक्यच, त्यामुळे ही सूट गरजेची आहे. पण ती घेणाऱ्या मालकाने निदान वीजफलक आणि तापयंत्रणा वरच्या मजल्यावर न्यावी, तळमजल्यावर जिप्समच्या पाट्या न वापरता वाळू शकणारा चुन्याचा गिलावा ठेवावा, आणि दारांना पुराच्या वेळी बसवता येतील अशा फळ्या तयार ठेवाव्यात.